चाकातला खटका

मुलांनो, तुमची सायकल जरा उलटी करून ठेवा आणि मागचं चाक हातानं पुढच्या दिशेनं फिरवा. चाक गरगर फिरतं, पण पेडल जागचं हलत नाही. ही करामत फ्रीव्हीलची. ते नसतं, तर उतारावरसुद्धा तुमचे पाय गरागरा फिरत राहिले असते!

चारही चाकांना इंजिनाची ताकद देणाऱ्या जीपची आणि ट्रकची अडचण अशीच होती. चांगल्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांनी काम भागतं. पुढची नुसती घरंगळतात. पण घरंगळताना आस, गिअर, लांबलचक दांडा असं सगळं बिऱ्हाड फुकट फिरवतात. इंधन जळतं, भाग झिजतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या विलीज जीप अमेरिकेत सामान्य लोकांच्या हाती आल्या. त्यांच्यासाठी आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली खटक्याचे हब बनवायला सुरुवात केली. हब म्हणजे चाकाचा मधला भाग. खटका ‘फ्री’वर असला की चाक आणि आस वेगळे, ‘लॉक’वर असला की दोघं एक.

पण चिखल दिसला की खाली उतरा, दोन्ही चाकांपाशी वाका, खटके फिरवा. धो धो पावसात कोण उतरणार? म्हणून १९८० च्या दशकात फोर्ड रेंजरसारख्या छोट्या ट्रकना आपोआप लागणारे हब मिळू लागले. ड्रायव्हरनं आतूनच ‘फोर व्हील’ निवडायचं. आस फिरू लागला, की हबमधली चढणीसारखी कड एका दातेरी कड्याला ढकलते, दाते अडकतात आणि चाक जोडलं जातं. सोडवायचं असेल तर थांबून ‘टू व्हील’वर यायचं आणि गाडी साधारण दहा फूट मागं घ्यायची.

छान ना? पण ‘मागं घेतली की सुटतं’ यातच तर गोम आहे! गाडी रुतली की ड्रायव्हर ती थोडी पुढं, थोडी मागं असे झोके देतो. दिशा बदलली की यातले बरेच हब सुटायचे आणि पुन्हा खाडकन लागायचे. म्हणजे ज्या क्षणी पुढची चाकं हवीत, त्याच क्षणी ती दगा देणार. वस्तीपासून दूर, बर्फात अडकलेल्या माणसाला हे परवडेल का? त्यातून आत घाण गेली किंवा थंडीनं ग्रीस घट्ट झालं, तर हब लागायचेच नाहीत.

म्हणून पुष्कळ मालकांनी ते काढून पुन्हा हाताचे हब बसवले. मला विचाराल तर शहाणपणाच केला. काम मात्र नुसतं झाकण बदलण्याचं नव्हे. चाक उतरवायचं, जुना हब काढायचा आणि बऱ्याच गाड्यांत बेअरिंग धरून ठेवणारे नटही बदलायचे. हे नट सैल राहिले तर चाक डगमगतं, फार आवळले तर बेअरिंग तापून खराब होतं. (बाबांबरोबर गॅरेजमध्ये गेलात तर मिस्त्रीकाकांना विचारा, अर्धा तास तरी बोलतील!)

हाताचे खटके चिखलात शिरण्याआधीच फिरवायचे बरं का, कारण रुतल्यावर हबच चिखलात बुडालेला असतो. आधीपासून लॉक करून ठेवले आणि गाडी ‘टू व्हील’वर चालवली, तरी बिघडत काही नाही, इंधन थोडं जास्त जातं.

आणि घाईत एकच खटका लॉक केला तर? पुढच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शियल नावाची गिअरची पेटी असते. जिकडे फिरायला सोपं, तिकडे ती सगळं फिरणं पाठवते. मग सुट्या बाजूचा आस आतल्या आत गरगर फिरतो आणि लॉक केलेलं चाक ढिम्म हलत नाही!