झाडतोडीच्या कामाला कोणती गाडी?

केज तालुक्यातल्या नांदूरघाटासारख्या गावात झाडं छाटण्याचा, धोक्याची झाडं उतरवण्याचा धंदा करायचा, तर गाडीचा विचार वजनापासून सुरू करावा. ओलं लाकूड घनमीटरला जवळपास टनभर भरतं. २ फूट व्यासाचा, ६ फूट लांबीचा ओंडका म्हणजे अर्धा टन! ‘छोटा हत्ती’ पाऊण टनाच्या आसपास पेलतो; असा एक ओंडका, करवती, दोर आणि शिडी टाकली की त्याची ताकद संपते. या कामाला दीड टनाची पिकअपच खरी योग्य.

फांद्यांचं वजन कमी, पसारा फार. म्हणून हौद्याला उंच जाळी हवी आणि ती काढता यायला हवी, नाहीतर ओंडके चढवताना माणसांची कंबर मोडते. ट्रॅक्टर-ट्रॉली चिखलात उत्तम. पण शेतीसाठी नोंदलेली ट्रॉली भाड्याला लावली, तर अपघातानंतर विम्याचा दावा अडू शकतो.

माणसांना लाकडांवर बसवून कधीही आणू नका, हे कळकळीनं सांगतो. वजन थोडं कमी बसलं तरी चालेल, पण दोन ओळी सीटची पिकअप घ्या. आंबा, चिंच, सागवान उतरवायचं असेल, तर १९६४च्या वृक्षतोड कायद्याखालची परवानगी आधी काढून गाडीतच ठेवा.