अकाम्याचे नूतनीकरण : पैसे कोणी भरायचे?

आखाती देशांत रोजगारासाठी गेलेल्या मुलांचे फोन आता रोजच येतात. पण वर्षातून एकदा येणारा एक फोन घरच्यांची झोप उडवतो. "अब्बा, अकामा संपत आला आहे. कफील पैसे मागतो आहे." मग घरात दागिन्यांची गोष्ट निघते, जमिनीचा कागद पेटीतून बाहेर येतो आणि कोणीतरी उसनवारीसाठी आमच्यासारख्या कापडवाल्याच्या पेढीवर येऊन बसतो. आमच्या दाभोसा, जव्हार, मोखाडा या बाजूने परदेशी गेलेले लोक तसे मोजकेच. रत्नागिरी-रायगडच्या गावांत घरटी एक माणूस सौदी किंवा दुबई पाहून आलेला असतो, तसे येथे नाही. त्यामुळे चार गोष्टी विचाराव्यात असा माहितगार शेजारी मिळत नाही आणि एजंट बोलेल तो कायदा ठरतो. म्हणून या वेळी आम्ही कापडाच्या भावांऐवजी या विषयावर लिहीत आहोत.

प्रथम शब्दांचा खुलासा करू, कारण अर्धा घोळ शब्दांचाच आहे. 'अकामा' म्हणजे मूळ अरबी 'इकामा', वास्तव्य. आपल्या मराठीतला 'मुक्काम' त्याच धातूतून आला आहे. परक्या मुलखात मुक्काम करण्याची मुदतबंद परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. 'कफील' म्हणजे जामीनदार. उर्दूत एखाद्या यतीमाची कफालत करणे म्हणजे त्याच्या पोटापाण्याची जबाबदारी घेणे. आखातात हाच शब्द मालकाच्या हक्काचा झाला आणि जबाबदारी मागे पडली, ही वेगळी हकीकत. तिसरा शब्द 'रुखसत'. आम्ही उर्दू शाळेत शिकलेली माणसे रुखसत म्हटले की निरोप किंवा सुट्टी समजतो. अरबीत 'रुखसा' म्हणजे परवाना. 'रुखसत अमल' म्हणजे काम करण्याचा परवाना. एका वयस्कर गृहस्थाने मुलाचा निरोप ऐकून त्याला कामावरून काढले असे समजून दोन दिवस जेवण घेतले नाही. मुलगा फक्त परवान्याविषयी बोलत होता.

सौदी अरेबियात कामगाराकडे दोन कागद लागतात. एक हा रुखसत अमल, तो श्रम खात्याकडून मिळतो. दुसरा अकामा, तो पासपोर्ट खात्याकडून, म्हणजे ज्याला तेथे 'जवाजात' म्हणतात त्यांच्याकडून मिळतो. आधी परवान्याचे पैसे भरायचे, आरोग्य विमा चालू असावा लागतो, वाहतुकीचे दंड थकलेले नसावेत, पासपोर्टची मुदत शिल्लक असावी. मग अकामा पुढे वाढतो. हे सर्व काम आता संगणकावर होते. मालक 'मुकीम' किंवा 'अबशर' या सरकारी सेवांमधून भरणा करतो. २०२१ पासून एकदम वर्षाचे पैसे भरलेच पाहिजेत असेही राहिले नाही. तीन-तीन महिन्यांनीही मुदत वाढवता येते.

आता मुख्य मुद्दा. सौदी श्रम कायदा २००५ चा आहे. त्याचे कलम ४० असे सांगते की परदेशी कामगाराला आणण्याचा खर्च, अकाम्याचे आणि कामाच्या परवान्याचे शुल्क, त्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क आणि नूतनीकरणाला उशीर झाल्यास होणारा दंड हे सर्व मालकाने भरायचे. हुद्दा बदलण्याचे शुल्क आणि जाण्या-येण्याच्या व्हिसाचे शुल्कही मालकाचेच. म्हणजे जो पैसा मागण्यासाठी मुलगा घरी फोन करतो, तो पैसा कायद्याने त्याच्याकडून मागताच येत नाही. हे कलम ठाऊक नसल्यामुळे किती घरांचे सोने गेले असेल, अल्लाहच जाणे. मात्र घरकाम करणारे आणि घरचे ड्रायव्हर या श्रम कायद्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी नियमावली आहे, हे लक्षात असू द्यावे.

मग मागणी येते कशी? त्याचे उत्तर 'आझाद व्हिसा' या दोन शब्दांत आहे. असा व्हिसा कोणत्याही सरकारी दफ्तरात नाही. एखाद्या सौदी माणसाच्या नावावर व्हिसा काढायचा, कागदोपत्री त्याच्याकडे नोकरी, प्रत्यक्षात मिळेल तेथे काम, आणि दर साली त्या कफीलाला रक्कम. कलम ३९ प्रमाणे मालकाने आपला कामगार दुसऱ्याकडे कामाला सोडणे आणि कामगाराने स्वतःचा धंदा करणे, दोन्हींना मनाई आहे. शिंपी, सुतार, वेल्डर, रंगारी, एसी मेकॅनिक अशा हुन्नरी लोकांना हा मार्ग फार भुरळ पाडतो, कारण हातात कसब आहे आणि रोजचे काम मिळते. पूर्वी हे कसेबसे परवडत असे. अकाम्याचे शुल्क वर्षाला ६५० रियाल आणि परवान्याचे १०० रियाल, एवढाच सरकारी खर्च होता, आणि कफीलाची मर्जी राखली की साल निघत असे. २०१८ पासून सौदी सरकारने परदेशी कामगारामागे मालकावरचा कर चढवत नेला. २०२० मध्ये तो दरमहा ८०० रियालवर पोहोचला. ज्या आस्थापनेत सौदी नोकर परदेशींपेक्षा जास्त असतील तिला ७००. कारखान्यांना २०१९ पासून त्यातून सवलत मिळाली, पण आझाद व्हिसावाल्याचा कफील बहुधा कारखानदार नसतो.

हिशेब मांडून पाहू. दरमहा ८०० प्रमाणे वर्षाचे ९,६०० रियाल, त्यात ६५० आणि १००, एकूण १०,३५० रियाल. विमा वेगळा. म्हणजे महिन्याला सुमारे ८६२ रियाल, मुलाने एक घास खाण्यापूर्वीच. आणि कफील आपला नफा ठेवल्याशिवाय हात लावत नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातला शिंपी रियाधमध्ये अशाच व्हिसावर होता. महिन्याला साधारण २,२०० रियाल कमवीत असे. कफीलाने नूतनीकरणाचे १४,००० रियाल मागितले आणि वडील जमीन गहाण ठेवण्याच्या बेतात आले. आम्ही त्यांना उसने देण्यापूर्वी कागद पाहायला मागितला, व्यापाऱ्याची सवयच ती. मुलाने 'किवा' या श्रम खात्याच्या सेवेत आपले खाते उघडले, तेव्हा कळले की त्याची नोंद एका बांधकाम आस्थापनेत मजूर म्हणून आहे, आणि परवान्याची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली आहे. कफील मात्र "अजून वेळ आहे" असे सांगत होता. आता १४,००० चे बारा भाग करा, महिन्याला १,१६७ रियाल. २,२०० मधून ते वजा जाता हाती उरतात १,०३३. त्यातून खोलीचे भाडे, जेवण आणि पोलीस तपासणीची धास्ती. दरम्यान एका शिलाई कारखान्यात १,७०० रियालची नोकरी होती, अकाम्याचा सर्व खर्च मालकाचा. पाचशे रियाल कमी मिळतात म्हणून त्याने ती वर्षभर नाकारली होती. शेवटी तिकडेच त्याचे नाव हलवले गेले, आणि जमिनीचा कागद पेटीत परत गेला.

नाव हलवणे म्हणजे 'नक्ल कफाला'. ते जुन्या मालकाच्या संमतीशिवाय पूर्वी होत नसे. १४ मार्च २०२१ पासून सौदी सरकारने नियम सैल केले. एक वर्ष पुरे झाल्यावर नोटिशीची मुदत पाळून कामगार दुसरीकडे जाऊ शकतो. आणि अकाम्याची किंवा परवान्याची मुदत संपलेली असेल, किंवा सलग तीन महिने पगार दिला नसेल, तर वर्ष पुरे होण्याची आणि जुन्या मालकाच्या संमतीची गरज राहत नाही. नूतनीकरण न करणाऱ्या मालकाच्या हातातले शस्त्र येथे बोथट होते. मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही. घाबरवले मात्र जाते, "हुरूब लावीन" म्हणून. हुरूब म्हणजे कामगार पळून गेल्याची नोंद. ती लागली की सर्व काही अडते. २०२२ पासून गैरहजेरीची नोंद झाली तरी कामगाराला ६० दिवस दिले जातात, त्यात त्याने दुसरा मालक शोधावा किंवा कायमचे परतावे. हे दिवस रडण्यात घालवू नयेत.

मुदत संपली की काय होते, तेही स्पष्ट असावे. पहिल्या खेपेला उशिराचा दंड ५०० रियाल, दुसऱ्या खेपेला १,००० आणि तिसऱ्या खेपेला देशाबाहेर रवानगी. दंड भरायचा मालकाने, पण विमानात बसवले जाते कामगाराला. बँकेचे खातेही मुदत संपलेल्या अकाम्यावर चालत नाही, म्हणजे घरी पैसे पाठवण्याचा सरळ मार्ग बंद.

यात नेहमी कामगाराचीच चूक असते, असा गैरसमज मात्र नको. २०१६ साली जिद्दा येथे सौदी ओजेर या मोठ्या बांधकाम कंपनीची आर्थिक घडी मोडली. महिनोन्‌महिने पगार नाहीत आणि कंपनीने अकामेही वाढवले नाहीत. हजारो भारतीय छावण्यांत अडकले. काम नाही, रजा नाही, परतही येता येत नाही, कारण मुदत संपलेल्या कागदावर निघण्याचा व्हिसा मिळत नव्हता. भारतीय वकिलातीने त्यांना शिधा पुरवला. ऑगस्टमध्ये परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह जिद्दा येथे गेले. त्यानंतर सौदी सरकारने निघण्याचे व्हिसा आणि मायदेशी प्रवासाची सोय करण्याचे, तसेच ज्यांना राहायचे त्यांना दुसऱ्या मालकाकडे जाऊ देण्याचे मान्य केले. थकलेल्या पगाराचे दावे मात्र मागे ठेवून यावे लागले. ज्यांच्याकडे करारपत्राची आणि पगाराची नोंद होती त्यांच्या दाव्याला काही आधार होता. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा हा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, तो आपण दुकानाच्या वहीपुरता पाळतो आणि मुलाच्या नोकरीच्या वेळी विसरतो.

बायकामुले सोबत असतील तर खर्चाचा वेगळा विचार हवा. जुलै २०१७ पासून कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल कर सुरू झाला आणि दर साली शंभराने वाढत २०२० मध्ये ४०० झाला. बायको आणि दोन मुले म्हटली तर वर्षाचे १४,४०० रियाल, आणि ते अकामा वाढवण्यापूर्वीच आगाऊ भरायचे. हा कर कामगाराचा स्वतःचा आहे, मालकाच्या गळ्यात घालता येत नाही. कोकणातली कित्येक कुटुंबे त्या वर्षांत परत आली ती याच कारणाने.

काही व्यवहारातल्या गोष्टी. पासपोर्ट नवा झाला की नुसता खिशात ठेवून भागत नाही. त्याचा क्रमांक अकाम्याच्या नोंदीत चढवावा लागतो. याला 'नक्ल मालूमात' म्हणतात. हे राहिले की ऐन नूतनीकरणाच्या वेळी घोटाळा होतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे. जुन्या अकाम्यांवर हिजरी तारीख असे, आणि हिजरी साल ईसवी सालापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. जकातीचा हिशेब करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको, तरीही तारखेत चुकणारे पुष्कळ होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदी मंत्रिमंडळाने सरकारी कामांतील मुदती ईसवी तारखेने मोजण्याचा निर्णय घेतला. रजेवर घरी आलेल्यांनी सौदीचे सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवावे, कारण अबशरचा परवलीचा आकडा त्याच नंबरवर येतो. आमच्याकडे डोंगरात रेंज येते-जाते, तेव्हा जव्हारला जाऊन काम उरकावे. माणूस भारतात असतानाही मालक अकामा वाढवू शकतो, त्यासाठी "आधी परत ये" हा बहाणा चालत नाही.

तक्रार करायची झाल्यास सौदी श्रम खात्याकडे आधी समेटासाठी अर्ज जातो. समेट न झाल्यास प्रकरण श्रम न्यायालयात जाते. आपल्या सरकारच्या 'मदद' या ऑनलाइन सेवेवर घरचा माणूसही तक्रार नोंदवू शकतो. भारतातला एजंट नूतनीकरणात काहीही करू शकत नाही. जवाजातच्या यंत्रणेत त्याचा हातच पोहोचत नाही. त्याला भरतीच्या वेळी जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच घेता येतात, आणि तेही पावतीवर. नूतनीकरणाच्या नावाने तो पैसे मागत असेल तर ते पैसे कोठे जाणार, हे त्यालाच विचारावे.

दुबईकडे गेलेल्यांसाठी थोडक्यात. तेथे परवाना बहुधा दोन वर्षांचा असतो. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या श्रम कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून आडमार्गानेही वसूल करण्यास मनाई आहे. मुदत आणि सवलतीचे दिवस उलटल्यावर दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. कतारमध्ये २०२० पासून मालकाच्या ना हरकत दाखल्याशिवाय नोकरी बदलता येते.

जाता जाता आपल्याकडच्या एका कागदाविषयी. दहावी न झालेले जे लोक इमिग्रेशन तपासणी करून जातात, त्यांचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढलेला असतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. अकामा दर साली वाढत राहतो आणि हा विमा मात्र पहिल्या मुदतीनंतर बंद पडलेला असतो, कोणाच्या ध्यानातही राहत नाही. तो ऑनलाइन वाढवता येतो आणि घरचा शिकलेला मुलगा येथे बसूनही ते काम करू शकतो. पॉलिसीचा कागद कपाटात असेल, आज काढून त्यावरची तारीख पाहावी.