धाक नको, भरवसा हवा : मुलांच्या शिस्तीविषयीचे पाच गैरसमज

मुलाने उलट उत्तर दिलं की घरात सल्ले सुरू होतात. ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो,’ असं आजोबा म्हणतात. ‘लहान आहे, जाऊ दे,’ म्हणून आजी पाठीशी घालते. दोघांचाही जीव नातवंडावरच असतो. पण यातल्या बऱ्याच समजुती अभ्यासाच्या कसोटीवर टिकलेल्या नाहीत.

गैरसमज १ : चार फटके दिल्याशिवाय शिस्त लागत नाही.

वस्तुस्थिती : एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये पाच दशकांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. मार खाणाऱ्या मुलांत आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त आढळला. मुलं जास्त ऐकू लागली, असं काही दिसलं नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार शाळेत मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. जे शिक्षकांनी करायचं नाही, ते घरात संस्कार म्हणून कसं चालेल?

गैरसमज २ : मोठं झालं की आपोआप कळेल.

वस्तुस्थिती : फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. दीड वर्षाच्या मुलांसमोर कपडे वाळत घालताना हातातला चिमटा खाली पडला आणि हात पुरेना, असं दाखवलं गेलं. कुणी न सांगताही मुलांनी तो उचलून दिला. मदतीची ओढ मुळातच असते. ‘तू नको, सांडशील’ म्हणत आपणच ती मोडतो. तीन वर्षांच्या मुलाला चप्पल जागेवर ठेवता येते, पाच वर्षांचं मूल पानं घेताना वाट्या मांडू शकतं. राग आवरणं मात्र हळूहळूच जमतं, कारण त्यासाठी लागणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो.

गैरसमज ३ : पाहुण्यांशी बोललं नाही, म्हणजे मुलाला वळण नाही.

वस्तुस्थिती : नवा माणूस दिसला की बरीच मुलं आईच्या मागे लपतात. त्यात ‘काकांना नमस्कार कर, नाव सांग, कविता म्हणून दाखव’ असा मारा झाला की आणखीच आक्रसतात. हा उद्धटपणा नव्हे, बुजरेपणा आहे. कोण येणार, आल्यावर काय करायचं, हे मुलाला आधीच सांगावं. पाणी नेऊन देण्यासारखं छोटं काम सोपवावं. हाताला काम मिळालं की बुजरं मूलही मोकळं होऊ लागतं.

गैरसमज ४ : बक्षीस दिलं की चांगली सवय लागते.

वस्तुस्थिती : मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना चित्रांसाठी आधीच बक्षीस कबूल केलं. पुढे मोकळ्या वेळात या मुलांनी बक्षीस न मिळालेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढली. आवडीने होणाऱ्या कामाला आमिष जोडलं की आवड ओसरू शकते. चॉकलेटपेक्षा ‘तू चष्मा आणून दिलास, म्हणून आजीला पेपर वाचता आला’ हे वाक्य मोलाचं, कारण आपल्या वागण्याचा उपयोग मुलाला त्यातून कळतो.

गैरसमज ५ : संयम उपजतच असावा लागतो.

वस्तुस्थिती : सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २८ मुलांचा लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रांचं चांगलं साहित्य आणून देतो, असं मुलांना आधी सांगितलं. निम्म्या मुलांच्या बाबतीत शब्द पाळला, बाकीच्यांच्या बाबतीत मोडला. मग प्रत्येकापुढे मिठाई ठेवून सांगितलं, थांबलास तर आणखी एक मिळेल. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसगत झालेली जेमतेम ३. स्वभावाचा भाग असतोच, पण समोरच्या माणसाचा भरवसा वाटला तरच थांबण्यात अर्थ आहे, हे लहान मुलालाही कळतं.

म्हणून रविवारी बागेत नेतो म्हटलं, तर न्यायला हवं. नाही जमलं, तर कारण सांगून माफी मागावी. त्याने आईवडिलांचा मान कमी होत नाही. जेवताना मोबाइल नको असा नियम असेल, तर तो बाबांच्या मोबाइललाही लागू हवा. मुलांना शिस्त लावायची, तर आपला शब्द पाळण्यापासून सुरुवात करूया.