डोंगरवाटेवरील नेता

महाराष्ट्राच्या पश्चिम अंगाला उत्तर-दक्षिण पसरलेली सह्याद्रीची रांग म्हणजे मराठी माणसाच्या भटकंतीचे अंगणच होय. पावसाळा ओसरला, की शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून सुटणाऱ्या एस.टी. आणि रेल्वेगाड्यांत पाठीवर सॅक घेतलेल्या तरुण-तरुणींचे गट दिसू लागतात. कोणी राजगडाकडे निघालेले असतात, कोणी हरिश्चंद्रगडाकडे, तर कोणी 1646 मीटर उंचीच्या कळसूबाईकडे. अशा एका गटात पंधरा-वीस माणसे असतात. त्यांपैकी काहींनी पूर्वी कधी टेकडीही चढलेली नसते. या सर्वांना एकत्र ठेवून वर नेणारी आणि सुखरूप खाली आणणारी एक व्यक्ती त्यांच्यात असते. बहुतेक वेळा तिला या कामाचा मोबदला मिळत नाही. उलट इतरांप्रमाणेच तीही आपल्या वाट्याचा खर्च देते. हीच व्यक्ती त्या सहलीची नेता. असा स्वयंसेवी नेता कसा घडतो, त्याला काय शिकावे लागते आणि त्याच्या एका निर्णयावर किती काही अवलंबून असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

संस्थांची परंपरा

हौसेने डोंगर चढणाऱ्यांनी एकत्र येऊन संस्था स्थापन करण्याची प्रथा युरोपात सुरू झाली. 1857 मध्ये लंडन येथे ‘अल्पाइन क्लब’ निघाला. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात 1906 मध्ये ‘माउंटेनिअर्स’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या सहली आजही मुख्यतः स्वयंसेवी नेतेच चालवतात. भारतात 1928 मध्ये ‘हिमालयन क्लब’ सुरू झाला. 29 मे 1953 रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले, तेव्हा भारतीय तरुणांच्या मनात गिर्यारोहणाविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. पुढल्याच वर्षी, म्हणजे 1954 मध्ये, दार्जिलिंग येथे गिर्यारोहणाचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. पुण्यात 1982 मध्ये ‘गिरिप्रेमी’ची स्थापना झाली. आज महाराष्ट्रातील अनेक शहरांत आणि तालुक्यांच्या गावीही अशा संस्था आहेत. 2002 पासून मुंबईतील मुलुंड येथे भरणाऱ्या ‘गिरिमित्र संमेलना’त या संस्थांचे कार्यकर्ते एकत्र येतात आणि अनुभवांची देवाणघेवाण करतात.

या संस्थांचे काम चार प्रकारचे असते. किल्ल्यांच्या व घाटवाटांच्या सहली काढणे, कातळावर चढण्याचे म्हणजे प्रस्तरारोहणाचे शिक्षण देणे, हिमालयातील मोहिमा आखणे आणि अपघात घडल्यास मदतीला धावून जाणे. यांतील प्रत्येक कामाला जाणत्या नेत्याची गरज असते. दोर विकत घेता येतो, तंबू भाड्याने मिळतो. नेता मात्र संस्थेला स्वतःच घडवावा लागतो.

घरातूनच सुरू होणारी सहल

नेत्याचे काम डोंगराच्या पायथ्याशी नव्हे, तर घरी नकाशा उघडल्यापासून सुरू होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर असतो. त्यावरील समोच्चरेषांवरून चढ किती तीव्र आहे, हे कळते. रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतील, तर तेथे कडा आहे असे समजावे. विरळ असतील, तर सपाटी आहे असे जाणावे.

वाटेला किती वेळ लागेल, याचा अंदाज बांधण्यासाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक सोपा नियम सांगितला. सुमारे पाच किलोमीटर अंतरास एक तास धरावा आणि चढाच्या प्रत्येक 600 मीटर उंचीमागे आणखी एक तास मिळवावा. समजा, गडाची वाट पाच किलोमीटरची आहे आणि चढ 600 मीटरचा आहे. नियमानुसार सराव असलेल्या माणसाला दोन तास लागतील. परंतु गटात नवखे असतात. कोणी पाणी पिण्यास थांबते, कोणाच्या बुटाचा तळ निघतो, एखाद्या अवघड कातळटप्प्यावर वीस जणांना एकेक करून चढावे लागते. म्हणून अनुभवी नेता दोनाचे तीन तास धरतो आणि त्यावरून परतीची वेळ ठरवतो. डिसेंबरमध्ये सह्याद्रीत सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा अंधारापूर्वी पायथा गाठायचा असेल, तर माथा कितीला सोडायचा, हे निघण्यापूर्वीच वहीत लिहिलेले असते.

सह्याद्रीचा स्वभावही नेत्याला ठाऊक असावा लागतो. हा डोंगर काळ्या बेसाल्ट खडकाच्या थरांचा बनलेला आहे. पावसाळ्यात त्यावर शेवाळ साचते आणि वाट निसरडी होते; उन्हाळ्यात सुटी माती आणि बारीक खडे यांचा घसारा पायाखालून सरकतो. दाट धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. मार्चनंतर गडांवरील बरीच टाकी कोरडी पडतात. त्यामुळे पाणी कोठे मिळेल, हे पायथ्याच्या गावातील माणसाला विचारूनच वर जावे. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळाची पोळी असतात. धूर, गोंगाट किंवा उग्र अत्तर यांमुळे त्या मधमाश्या बिथरतात. या गोष्टी आधीच सांगितल्या गेल्या, तर बरेच अपघात टळतात.

नेता कसा घडतो?

संस्थेत आलेला नवा सभासद एकदम नेता होत नाही. प्रथम तो केवळ सहभागी असतो. नंतर शिधा आणणे, तिकिटे काढणे, हिशेब ठेवणे अशी कामे त्याच्याकडे येतात. ही कामे सामान्य वाटतात. पण शिजवलेला भात सर्वांना पुरला का, हे पाहणाऱ्याच्याच लक्षात कोण जेवले नाही हेही येते. त्यानंतर त्याला पिछाडी सांभाळायला देतात. रांगेच्या अगदी शेवटी चालायचे आणि आपल्यामागे कोणीही राहू द्यायचे नाही, असे हे काम असते. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरतो, हा डोंगरावरचा पहिला धडा येथेच मिळतो.

यापुढे त्याला जाणत्या नेत्याचा साहाय्यक म्हणून घेतले जाते. शेवटी तो स्वतः नेतृत्व करतो, तेव्हा जुना नेता गटात साधा सभासद म्हणून चालतो, सर्व पाहतो आणि गरज पडल्याखेरीज बोलत नाही. सहलीनंतर बैठक होते. कोठे उशीर झाला, कोणता निर्णय चुकला, कोणाला टोचून बोलले गेले, याची तेथे मोकळेपणाने चर्चा होते.

याच काळात त्याला तांत्रिक कौशल्येही शिकवली जातात. आठाची गाठ आणि इतर गाठी डोळे मिटून बांधता आल्या पाहिजेत. दोरावरील साथीदाराला सुरक्षित धरून ठेवता आले पाहिजे. प्रथमोपचार तर अत्यावश्यक मानला जातो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी कोणताही साप चावल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये; चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला धीर द्यावा आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात शक्य तितक्या लवकर न्यावे. उन्हाने कोणी भोवळला, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि वारा घालावा. हे ज्ञान पुस्तकातून कळते, पण अंगवळणी पडण्यासाठी सराव लागतो.

हिमालयात जाऊ इच्छिणारे पुढील शिक्षणासाठी राष्ट्रीय संस्थांकडे वळतात. उत्तरकाशी येथील ‘नेहरू गिर्यारोहण संस्था’ 1965 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रातून निघालेले अनेक विद्यार्थी दिल्लीला उतरून गाझियाबाद, मेरठ, हृषीकेश असा मैदानी प्रवास करत तेथे पोहोचतात. गाझियाबादच्या सपाट भूमीवर डोंगराचा मागमूसही नसतो. पण हाच रस्ता पुढे गढवालच्या पर्वतांत शिरतो. तेथील प्राथमिक शिक्षणक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यात उत्तम श्रेणी मिळवणाऱ्यांना प्रगत शिक्षणक्रमास प्रवेश मिळतो. शोध व बचावकार्य आणि ‘शिकवावे कसे’ यांचे स्वतंत्र शिक्षणक्रमही आहेत. उत्तरकाशी जिल्ह्यातीलच नाकुरी गावच्या बचेंद्री पाल यांनी या संस्थेत शिक्षण घेतले. 1984 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या आणि 1993 मध्ये त्यांनी भारत-नेपाळ महिला एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व केले.

शिखर कोणाचे?

नेत्याने सर्वांच्या पुढे राहून सर्वांत आधी शिखर गाठावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. महाराष्ट्रातील मोठ्या मोहिमांचा इतिहास वेगळेच सांगतो. 18 मे 1998 रोजी सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले. तो मान मिळवणारे ते पहिले महाराष्ट्रीय. त्या मोहिमेचे नेते होते हृषीकेश यादव. 2012 मध्ये ‘गिरिप्रेमी’च्या नागरी मोहिमेतील आठ गिर्यारोहक 19 मे रोजी एव्हरेस्टवर पोहोचले. 2019 मध्ये त्याच संस्थेचे दहा गिर्यारोहक कांचनजुंगा या जगातील तिसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर पोहोचले. या दोन्ही मोहिमांचे नेते उमेश झिरपे त्या आठांतही नव्हते आणि त्या दहांतही नव्हते. हवामानाचा अंदाज, प्राणवायूच्या नळकांड्यांचा हिशेब, कोणाला वर पाठवायचे आणि कोणाला थांबवायचे, हे ठरवणारा माणूस खाली असावा लागतो. त्याचे यश इतरांच्या पावलांनी शिखरावर जाते.

मागे फिरण्याचे धैर्य

नेत्याची खरी कसोटी मात्र मागे फिरताना लागते. 10 मे 1996 रोजी एव्हरेस्टवर अनेक गिर्यारोहक चढत होते. दुपारी दोनपर्यंत शिखर गाठता आले नाही, तर परतायचे, हा संकेत सर्वांना ठाऊक होता. तरीही काही जण दोननंतर चढतच राहिले. एक जण तर चारच्या सुमारास माथ्यावर पोहोचला. सायंकाळी वादळ आले. त्या वादळात पर्वताच्या दोन्ही बाजूंचे मिळून आठ जण मृत्यू पावले. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन अत्यंत अनुभवी नेतेही त्यांत होते. अनुभव कमी नव्हता. ठरलेली वेळ मात्र पाळली गेली नाही.

सह्याद्रीतील सहलीलाही हाच नियम लागू पडतो. माथा अर्ध्या तासावर दिसत असतो, सर्वांनी पैसे खर्च केलेले असतात, छायाचित्रे काढायची असतात, आणि नेता म्हणतो, “वेळ झाली, आता उतरायचे.” अशा वेळी काहीजण नाराज होतात. ती नाराजी शांतपणे सोसणे हाही नेतृत्वाचा भाग आहे. गड पुढल्या आठवड्यातही तेथेच असणार आहे, हे त्याला हसतमुखाने पटवून देता आले पाहिजे. म्हणूनच परतीची वेळ निघण्यापूर्वी सर्वांसमोर जाहीर करण्याची पद्धत आहे. आधी मान्य केलेला नियम मोडण्याचा आग्रह धरणे माणसाला जड जाते.

शिकलेले कोठे उपयोगी पडते?

या शिक्षणाचा लाभ केवळ भटकणाऱ्यांनाच होतो असे नाही. 28 जुलै 2018 रोजी पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरील आंबेनळी घाटात एक बस खोल दरीत कोसळली. सुमारे तीस जण मृत्यू पावले, केवळ एक जण बचावला. पावसात आणि धुक्यात दोरावरून दरीत उतरून मृतदेह वर आणण्याच्या कामी परिसरातील गिर्यारोहक पुढे आले. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तेथे गाडीरस्ता नव्हता, यंत्रे नेता येत नव्हती. चिखलाची चढण पायी चढूनच मदत पोहोचवावी लागली. त्या वेळीही आपत्ती निवारण दलाच्या बरोबरीने स्थानिक गिर्यारोहक संस्थांचे स्वयंसेवक राबले. रविवारी हौसेने शिकलेली गाठ अशा रात्री उपयोगी पडली.

अलीकडे समाजमाध्यमांवरील छायाचित्रे पाहून डोंगराकडे जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. पैसे घेऊन मोठमोठे गट नेणारे आयोजकही पुष्कळ झाले आहेत. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून अशा आयोजकांच्या नोंदणीची आणि सुरक्षिततेची चौकट आखली. नियम आवश्यकच आहेत. तथापि सहलीला जाणाऱ्यानेही काही प्रश्न विचारले पाहिजेत. नेता कोण आहे? त्याने ही वाट पूर्वी पाहिली आहे का? गटात किती माणसे आहेत? पिछाडीला कोण असेल? प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे आहे? परतीची वेळ कोणती? या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळाली नाहीत, तर त्या गटाबरोबर न जाणेच शहाणपणाचे ठरते.

सायंकाळी गट पायथ्याच्या गावात परततो. ज्या घरी सकाळी पिठले-भाकरी सांगून ठेवलेली असते, त्या घरच्या ओटीवर सारे टेकतात. कोणी बूट काढते, कोणी पाणी मागते. नेता मात्र अजून बसलेला नसतो. तो अंगणात उभा राहून माणसे मोजत असतो. सकाळी निघताना वीस होती. आता पिछाडीचा शेवटचा माणूस कुंपणातून आत येतो आणि संख्या पुन्हा वीस भरते. मग तोही सॅक उतरवतो.