शर्यतीचे पैसे कोण देतं?

हौशी सायकलपटू पुढे आयोजक आणि उद्योजक झाला, की त्याच्या शर्यतीत सायकलस्वाराची काळजी घेतली जाणारच, असं आपण सहज धरून चालतो. जो स्वतः घाट चढलाय त्याला चढणाऱ्याचा दम कळतो, हा त्यामागचा विचार. इतिहास मात्र वेगळं सांगतो. शर्यतीचा स्वभाव ठरतो तो तिचा खर्च कुणाच्या खिशातून निघतो यावरून. भाईंदर पूर्वेत उद्या कुणी शर्यत भरवायचं मनावर घेतलं, तर परवानग्यांच्याही आधी त्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल.

आँरी देग्रांज हा पॅरिसमधल्या वकिलाच्या कचेरीतला कारकून. ११ मे १८९३ रोजी त्यानं ब्यूफालो वेलोड्रोमवर तासाभरात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवली आणि तासाच्या विक्रमाची पहिली मान्य नोंद त्याच्या नावावर झाली. पुढे तो दुसऱ्या एका वेलोड्रोमचा संचालक झाला आणि १९०० मध्ये एका नव्या क्रीडादैनिकाचा संपादक. दैनिकाचा खप वाढेना, तेव्हा जेओ लफेव्र या तरुण सहकाऱ्यानं देशभर फिरणाऱ्या शर्यतीची कल्पना सुचवली आणि १ जुलै १९०३ रोजी टूर द फ्रान्स सुरू झाली. सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर. ६० जण निघाले, २१ पोहोचले. आधी नावंच येत नव्हती, म्हणून देग्रांजनं प्रवेश शुल्क २० फ्रँकवरून १० वर आणलं आणि रोजचा भत्ताही देऊ केला. पैसा स्वाराकडून यायचाच नव्हता. तो अंक विकत घेणाऱ्या वाचकाकडून यायचा होता, आणि वाचकाला हवी होती माणसाच्या हालांची कहाणी. मग स्वाराचे हाल कमी करण्यात मालकाला रस कशाला असेल? चालत्या सायकलवर गिअर बदलून देणारा डिरेलर टूरमध्ये १९३७ साली आला, देग्रांज आजारपणामुळे बाजूला झाल्यानंतर. अंगातली जर्सी वाटेत काढण्यावरून १९२४ मध्ये वाद पेटला आणि आदल्या वर्षीचा विजेता आँरी पेलिसिए शर्यत सोडून गेला. हा सगळा देग्रांजच्या करड्या स्वभावाचा भाग होता, असं कुणी म्हणेल. स्वभाव होताच. पण त्याच माणसानं १९३० मध्ये सायकल कंपन्यांचे संघ मोडून राष्ट्रीय संघ आणले, सर्वांना एकसारख्या सायकली दिल्या आणि खर्चासाठी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा शर्यतीपुढे चालवला. माणूस तोच, पण पैशाची वाट बदलली तशी शर्यतीची घडणही बदलली.

आपल्याकडे पुण्याच्या दिव्या ताटे यांनी दुसरी वाट धरली. शिक्षणानं वास्तुरचनाकार असलेल्या ताटे लांब पल्ल्याच्या सायकलिंगमधून आयोजनाकडे वळल्या. ऑडॅक्स इंडियाच्या माध्यमातून ब्रेव्हे राइड देशभर पसरवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे आणि त्यांच्या इन्स्पायर इंडियाची पुणे ते गोवा ही ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर अमेरिकेतल्या ‘रॅम’ या महाशर्यतीची पात्रता फेरी आहे. ब्रेव्हे ही शर्यत नव्हेच, तिथे क्रमांक लागत नाहीत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. वेळेत पोहोचला तो यशस्वी. इथे तिकीट काढणारा प्रेक्षक नाही, अंक घेणारा वाचक नाही. शुल्क भरतो तो सायकलस्वार, आणि म्हणून नियमही त्याच्याच भल्याचे: रात्री दिवे आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं, पोहोचण्याला मान, पहिल्या येण्याला नाही. मला हा आयोजनातला खरा शोध वाटतो.

यावर मोठा आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. स्वारानंच खर्च उचलायचा, तर खिसा असलेलाच येणार. रॅमची यादी पाहा: २०१५ मध्ये दोघांच्या गटात शर्यत पूर्ण करणारे नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन डॉक्टर, २०१७ मध्ये एकट्यानं ती पार करणारे श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ, तेही डॉक्टर. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यावर रोज सायकलनं जाणाऱ्या कामगाराचं नाव अशा यादीत येणार कसं? रॅमला सोबतीची गाडी आणि माणसं लागतात, ते त्याच्या आवाक्याबाहेरच आहे. ब्रेव्हेला तसं काही लागत नाही. साधी, धडधाकट सायकलही चालते. अडतं ते शुल्कापाशी आणि रविवारची मजुरी बुडण्यापाशी. निदान शुल्कावरचा उपाय आयोजकाच्या हातात आहे. शुल्काच्या जमेतून काही जागा कामगारांसाठी मोफत राखाव्यात आणि तो खर्च हिशेबात उघडपणे दाखवावा.

पालिकेनंच पैसे द्यावेत, असंही म्हटलं जातं. पालिकेनं रस्ता द्यावा, रुग्णवाहिका द्यावी. पैसा तिचा आला की मंच, सत्कार आणि पाहुण्यांच्या वेळा ठरवणारे वेगळे होतात. रस्त्याचा प्रश्न इथे खडतरच आहे. समोर नायगाव दिसतं, पण वसईच्या खाडीवर रेल्वेचा पूल आहे, रस्त्याचा नाही. उत्तरेकडे निघालेल्या सायकलस्वाराला काशीमिऱ्याहून महामार्गाला लागून वर्सोव्याचा पूल ओलांडावा लागतो, तोही अवजड वाहनांच्या रांगेतून. २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार एकाच पोलीस आयुक्तालयाखाली आहेत, त्यामुळे खाडीच्या दोन्ही काठांसाठी एकाच दारात जाता येतं. तिथे अर्ज घेऊन जाणाऱ्यानं मार्गाच्या नकाशासोबत जमाखर्चाचा कागदही जोडावा आणि सुटण्याची वेळ पहाटे ४ ची मागावी, कारण उजाडायच्या आत वर्सोव्याचा पूल मागे पडायला हवा.