राग सोडा, बांध सोडू नका

‘बांध कोरला’ एवढ्यावरून मराठवाड्यात सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळससारख्या काळ्या रानाच्या गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नांगराचं एखादं तास दरवर्षी आत सरकतं आणि भांडण जमिनीहून मोठं होऊन बसतं. मग वडीलधारी म्हणतात, ‘जाऊ द्या, सोडून द्या.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे.

राग धरून ठेवणं शरीराला महाग पडतं, हे खरं. अमेरिकेतल्या होप कॉलेजात शार्लट विटव्लिएट यांनी 71 विद्यार्थ्यांना, आपल्याला खरोखर दुखावलेल्या माणसाची आठवण काढायला लावली. 2001 साली हा अभ्यास छापून आला. झालेली इजा उगाळताना, मनात वैर धरताना विद्यार्थ्यांची नाडी जलद चालली, रक्तदाब वाढला, कपाळाचे स्नायू ताणले गेले. क्षमेचा विचार करताना हा ताण बराच कमी होता.

पण संशोधक जेम्स मॅकनल्टी यांनी नवविवाहित जोडप्यांचा चार वर्षं मागोवा घेतला, तेव्हा वेगळंच दिसलं. सहज माफ करणाऱ्यांना जोडीदाराकडून होणारा मानसिक आणि शारीरिक त्रास तसाच टिकून राहिला. कमी माफ करणाऱ्यांचा त्रास मात्र घटत गेला. यात माफ करणाऱ्यांचा दोष काढू नये. दोष हात उगारणाऱ्याचाच. मात्र ज्या चुकीची किंमत मोजावी लागत नाही, ती पुन्हा होते.

क्षमेवर आयुष्यभर संशोधन करणारे एव्हरेट वर्थिंग्टन म्हणूनच क्षमा आणि समेट वेगळे मानतात. त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोरानं खून केला होता, तरी त्यांनी क्षमा केली. क्षमा एकट्याला करता येते. समेटाला दोघं लागतात, आणि समोरच्यानं वागणं बदलावं लागतं.

राज्य सरकारनं 2023 मध्ये आणलेल्या सलोखा योजनेत मला हीच समज दिसते. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याकडे, असं किमान 12 वर्षं चाललं असेल, तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. तंटा मिटतो, पण सातबाऱ्यावर नाव लागून.

तेव्हा बांध कोरला गेला असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या, आणि भावाशी रामराम चालू ठेवा. घरात मार खाणाऱ्या बाईला मात्र ‘सोडून दे’ म्हणू नका. तिला 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या.