पोकळी फाटते तेव्हा

हवेतून वीज सहजासहजी जात नाही. पण मीटरमागे साधारण 30 लाख व्होल्ट इतका ताण आला, की हवा हार मानते आणि ठिणगी पडते. आता हवाच काढून टाका, शेवटचा कणही उपसून टाका. उरलेल्या निखळ पोकळीवर ताण वाढवत नेला तर? तिथे फुटायला आहेच काय, असं कुणीही विचारेल. पुंजक्षेत्र सिद्धान्त मात्र फुटण्याचा आकडाही सांगतो : 1.3 गुणिले 10 चा 18 वा घात, इतके व्होल्ट दर मीटरला. म्हणजे हवेच्या जवळजवळ 43,000 कोटी पट!

याचं कारण, इलेक्ट्रॉनचं क्षेत्र पोकळीतही असतंच. इलेक्ट्रॉन हा त्याच क्षेत्रावर उठलेला तरंग. पुरेशी ऊर्जा मिळाली, की इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन अशी जोडी उभी राहते. अट मात्र जबर. अणूच्या व्यासाच्या अडीचशेव्या भागाइतक्या अंतरात 5 लाख व्होल्टचा फरक पडायला हवा.

फ्रिट्झ साउटर यांनी 1931 मध्ये हा उंबरठा हेरला आणि 1951 मध्ये ज्युलियन श्विंगर यांनी त्याचं नेटकं सूत्र मांडलं. त्यामुळे नाव पडलं ‘श्विंगर परिणाम’. मधला मोठा टप्पा 1936 चा, वेर्नर हायझेनबर्ग आणि त्यांचा विद्यार्थी हान्स ऑयलर यांच्या समीकरणांचा. ऑयलरचं नाव फारसं कुणी घेत नाही, याची मला रुखरुख वाटते. 1941 मध्ये जर्मन हवाई दलाच्या टेहळणी विमानातून गेलेला हा तरुण परतलाच नाही.

श्विंगरचं सूत्र निष्ठुर आहे. ताण दहापट कमी केला, तर जोडी जन्मण्याची शक्यता लाख कोटी पटींहूनही जास्त घटते. दक्षिण कोरियातल्या लेझरने 2021 मध्ये तीव्रतेचा विक्रम केला, तरी तीव्रतेच्या हिशेबात तो या उंबरठ्याच्या दहा लाख पटींहूनही जास्त खालीच राहिला.

म्हणून नजर न्यूट्रॉन ताऱ्यांकडे वळते. त्यांच्या भयंकर चुंबकीय क्षेत्रात पोकळी फाटत नाही, पण प्रकाशाला एकाच वेगाने जाऊही देत नाही : कंपनाची दिशा बदलली, की वेगही किंचित बदलतो. हे भाकीत हायझेनबर्ग-ऑयलर यांच्या समीकरणांतूनच निघतं. सुमारे 400 प्रकाशवर्षं दूरच्या एका न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशात, चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपला सुमारे 16 टक्के ध्रुवण, म्हणजे कंपनांचा एकाच दिशेकडे कल, दिसलं; ते या भाकिताशी जुळतं. 2016 च्या अखेरीस ते जाहीर झालं. ताऱ्याच्या पृष्ठभागाविषयीची गृहीतकं त्या हिशेबात मिसळलेली आहेत, तेव्हा एवढ्यावर खटला निकाली काढता येणार नाही.